वाचकांचे प्रश्न : मर्जचं भांडण दोघांचं, उत्तर तिसऱ्या प्रतीत

या खेपेला प्रश्न मागवले होते ते कोड मर्ज करण्याबद्दलचे. बहुतेक पत्रं गिटवाल्यांची, एक सबव्हर्जनवाल्यांचं; दोन्ही कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी साधनं. नवख्यांसाठी : कमिट म्हणजे नोंदवलेला बदल, ब्रँच म्हणजे कामाची वेगळी फांदी, मेन ही मुख्य फांदी, मर्ज म्हणजे दोन फांद्या एकत्र करणं, आणि ते आपोआप जमलं नाही की कॉन्फ्लिक्ट. कमांड इथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच नेहमीच्या स्पेलिंगने टाइप करा.

प्रश्न : आमची टीम सात जणांची. एकेक ब्रँच दोन-तीन आठवडे चालते आणि मर्जच्या दिवशी पंचवीस-तीस फाइलींत कॉन्फ्लिक्ट येतात. नवीन मुलं एडिटरमधलं 'दोन्ही ठेवा' दाबून मोकळी होतात, मग बिल्ड तुटतो. कॉन्फ्लिक्ट वाचायचा कसा, हे त्यांना कसं शिकवावं? — पुणे

मुलांचा दोष अर्धाच आहे. गिट मूळच्या सेटिंगमध्ये त्यांना दोनच बाजू दाखवतं, आणि दोन बाजू बघून निवाडा होत नाही. मर्ज करताना गिट स्वतः मात्र तीन प्रती बघतं : तुमची, समोरच्याची, आणि दोन्ही ब्रँच जिथून फुटल्या ती मूळ प्रत, म्हणजे मर्ज-बेस. मुळापासून एकाच बाजूने बदल केला असेल तर तो बदल गिट मुकाट्याने घेतं. दोघांनी त्याच ओळीत किंवा अगदी लागून असलेल्या ओळींत वेगवेगळे बदल केले असतील तरच भांडण तुमच्यापुढे येतं. ते सोडवायला तिसरी प्रत डोळ्यांसमोर हवी. ती अशी मागवा :

गिट कॉन्फिग --ग्लोबल मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल झेडडिफ३

गिट २.३५ पासून हे चालतं. त्याहून जुनं असेल तर 'डिफ३' लिहा. आता कॉन्फ्लिक्ट असा दिसेल :

<<<<<<< हेड
कर = रक्कम * दर
||||||| ३फ९ए२
कर = रक्कम * ०.१८
=======
कर = राउंड(रक्कम * ०.१८, २)
>>>>>>> फीचर-बिल

मधला भाग हाताने झाकून बघा. वर राउंड नाही, खाली आहे. वरच्याने तो काढला, की खालच्याने घातला? 'दर' वरच्याने आणला, की खालच्याने पुसून तिथे आकडा टाकला? सांगता येत नाही. हात काढला की कळतं : वरच्याने आकड्याच्या जागी 'दर' आणला, खालच्याने राउंड घातला, दोघांचंही बरोबर. उत्तर एकच :

कर = राउंड(रक्कम * दर, २)

ही ओळ दोन्ही बाजूंपैकी कुठेच नव्हती. 'दोन्ही ठेवा' दाबलं असतं तर दोन ओळी एकाखाली एक आल्या असत्या आणि दुसरीने पहिलीवर पाणी फिरवलं असतं. बिल्ड तुटला असता तर नशीब. इथे तो तुटलाही नसता, फक्त कर जुन्याच दराने लागला असता.

म्हणून मुलांना एकच सवय लावा. मधल्या भागापासून वरच्या भागात काय बदललं ते तोंडाने म्हणायचं, खालच्या भागात काय बदललं ते म्हणायचं, आणि मग मूळ ओळीवर दोन्ही बदल करायचे. बदल 'का' केला हे कळत नसेल तर 'गिट लॉग --मर्ज -पी' ही कमांड फक्त भांडणातल्या फाइलींना हात लावलेल्या, दोन्ही बाजूंच्या कमिट दाखवते. लिहिणाऱ्याचं नावही तिथेच असतं. दोन मिनिटं त्याच्या टेबलाशी जाऊन विचारणं हे अर्धा तास अंदाज बांधण्यापेक्षा स्वस्त पडतं. एखाद्या फाइलीत फारच गुंता झाला तर 'गिट चेकआउट --कॉन्फ्लिक्ट=डिफ३ फाइल' केलं की खुणा पहिल्यासारख्या परत येतात. त्या फाइलीत तोवर सोडवलेलं सगळं मात्र पुसलं जातं. सगळंच फिसकटलं तर 'गिट मर्ज --एबॉर्ट'. ते चालावं म्हणून मर्जच्या आधी अर्धवट काम कमिट किंवा स्टॅश करून (म्हणजे तात्पुरतं बाजूला काढून) ठेवायचं.

कमिट करण्याआधी 'गिट डिफ --चेक' चालवा. राहून गेलेल्या कॉन्फ्लिक्टच्या खुणा ते पकडतं. आणि मर्ज झाल्यावर कोणी हाताने काय केलं हे तुम्हाला तपासायचं असेल तर 'गिट शो --रिमर्ज-डिफ' आणि पुढे मर्ज कमिटचा क्रमांक. गिट तो मर्ज पुन्हा स्वतः करून बघतं आणि माणसाने केलेला फरक तेवढाच दाखवतं. हे २.३६ पासूनचं. मर्जचा रिव्ह्यू करायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, तरी ते फार थोड्यांना माहीत असतं.

राहता राहिले तीन आठवडे. ब्रँच जितकी जुनी तितकं मूळ मागे पडतं आणि तितके बदल एकमेकांवर चढतात. ब्रँच चालू असताना रोज, निदान दिवसाआड, मेन आत घ्या; तीस फाइलींचं भांडण दोन-दोन फाइलींत वाटलं जातं, आणि लिहिणाऱ्यांना आपण काय लिहिलं ते आठवत असतं. काम अर्धवट आहे म्हणून ब्रँच अडवून ठेवू नका. अर्धवट भाग फीचर फ्लॅगमागे, म्हणजे चालू-बंद करता येणाऱ्या सेटिंगमागे, बंद ठेवून मेनमध्ये जाऊ द्या. कोणत्या ब्रँचचं पुढे भांडण होणार हे आधी हवं असेल तर गिट २.३८ पासून 'गिट मर्ज-ट्री --राइट-ट्री मेन फीचर-बिल' फाइलींना हात न लावता मर्ज करून बघतं. एक्झिट कोड ० म्हणजे साफ, १ म्हणजे कॉन्फ्लिक्ट. सगळ्या उघड्या ब्रँचवर रोज रात्री हे चालवणारी दहा ओळींची स्क्रिप्ट सकाळचं स्टँडअप छोटं करते.

प्रश्न : आमच्याकडे मर्ज नको, रिबेस करा असा नियम आहे. एकच कॉन्फ्लिक्ट मी एका रिबेसमध्ये आठ वेळा सोडवला. शिवाय 'अवर्स' निवडलं तर माझंच काम गेलं. असं का? — नाशिक

रिबेस तुमच्या कमिट एकेक करून नव्या जागी पुन्हा लावतं. त्याच फंक्शनला आठ कमिटनी हात लावला असेल तर भांडण आठदा होऊ शकतं. आधी कमिट आवळून घ्या, आणि ते मेनवर जाण्यापूर्वी, जुन्याच जागी :

गिट रिबेस -आय --कीप-बेस मेन

मूळ हललेलं नसल्यामुळे इथे नुसत्या एकत्र केलेल्या कमिटमध्ये भांडण होत नाही. कमिटचा क्रम बदलला तर होऊ शकतं, तेव्हा तो मोह टाळा. चिल्लर कमिट एक-दोन करा आणि मग साधं 'गिट रिबेस मेन'. आठचे एक-दोन होतील.

'अवर्स'बद्दल : रिबेसमध्ये गिट मेनवर उभं राहून तुमच्या कमिट आणतं. त्यामुळे 'अवर्स' म्हणजे मेन आणि 'दीअर्स' म्हणजे तुम्ही. मर्जच्या बरोबर उलट. नावं वाईट आहेत हे खरंच, पण आता ती बदलणार नाहीत. याच जोडीने आणखी एक जपा : '-एक्स अवर्स' फक्त भांडणाच्या जागी आपली बाजू घेतं, बाकी समोरच्याचे बदल येतात. '-एस अवर्स' मात्र समोरच्याचं सगळंच्या सगळं टाकून देतं आणि वर मर्ज झाला अशी नोंद करतं. एका अक्षराचा फरक, आणि महिनाभराचं काम गायब.

तेच भांडण पुन्हा पुन्हा सोडवायचं नसेल तर रीरीरी चालू करा. नाव गमतीचं, काम चोख :

गिट कॉन्फिग --ग्लोबल रीरीरी.एनेबल्ड ट्रू

एकदा सोडवलेल्या कॉन्फ्लिक्टचं आधीचं आणि नंतरचं रूप गिट लक्षात ठेवतं आणि तसाच कॉन्फ्लिक्ट पुन्हा आला की स्वतः सोडवतं. 'रीरीरी.ऑटोअपडेट' मात्र बंदच असू द्या. मग सोडवलेली फाइल तुम्ही नजर टाकून 'गिट ॲड' करेपर्यंत थांबून राहते. कारण चुकीचं सोडवलेलंही ते तितक्याच इमानदारीने लक्षात ठेवतं. अशी चूक सापडली तर 'गिट रीरीरी फर्गेट' आणि फाइलीचा पाथ. या नोंदी तुमच्या मशीनवरच राहतात, पुशबरोबर जात नाहीत. सोडवलेल्या नोंदी ६० दिवसांनी आणि न सोडवलेल्या १५ दिवसांनी सफाईत जातात.

रिबेसनंतर पुश करताना '--फोर्स' नको, '--फोर्स-विथ-लीज' वापरा. दरम्यान त्या ब्रँचवर दुसऱ्या कोणी काही टाकलं असेल तर ते अडवतं. एडिटर मागच्या मागे 'फेच' करत असेल तर मात्र हे कुलूप नावापुरतं उरतं. मग जोडीला '--फोर्स-इफ-इन्क्लूड्स' द्या.

प्रश्न : डेव्हलप आणि मेन अशा दोन कायमच्या ब्रँच. दर रिलीजला डेव्हलप मेनमध्ये 'स्क्वॉश अँड मर्ज' करतो. दर वेळी मागच्या रिलीजमध्ये निस्तरलेलेच कॉन्फ्लिक्ट पुन्हा येतात. कोड तर दोन्हीकडे सारखाच असतो! — ठाणे

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतोय. तुम्ही कोडमध्ये शोधताय, बिघाड इतिहासात आहे. स्क्वॉश केलं की डेव्हलपचे सगळे बदल एका नव्या, एकाच पालकाच्या कमिटमध्ये मेनवर येतात. ती कमिट डेव्हलपमधून आली याची कुठेही नोंद राहत नाही. गिटच्या लेखी दोन्ही ब्रँचचं मूळ अजून वर्षापूर्वीचंच आहे. तिथून बघितलं तर मेननेही त्या ओळी बदलल्या आणि डेव्हलपनेही. नंतर डेव्हलपमध्ये त्या ओळींना आणखी हात लागला की भांडण ठरलेलं. 'गिट मर्ज-बेस मेन डेव्हलप' चालवून त्या कमिटची तारीख बघा, खात्री पटेल.

उपाय रिलीजनंतर लगेच, डेव्हलपवर काही नवं येण्याआधी करा. 'गिट डिफ मेन डेव्हलप' रिकामं येतंय ना, हे आधी बघा. रिकामं असेल तर डेव्हलपवर उभं राहून :

गिट मर्ज -एस अवर्स मेन

वर ज्याला धोकादायक म्हटलं तेच हे अस्त्र, पण दोन्हीकडचा मजकूर सारखाच असल्यामुळे टाकून द्यायला काही नाही. फक्त इतिहासाची गाठ बसते. मर्ज-बेस पुन्हा विचारा, आता मेनचं टोक यायला हवं. डिफ रिकामं नसेल तर हा शॉर्टकट नाही. मग साधा मर्ज, एकदाच, डोळे उघडे ठेवून.

यापुढे दोन कायमच्या ब्रँचमध्ये नेहमी खरा मर्ज करा. स्क्वॉश ठेवा फीचर ब्रँचसाठी, जी मर्ज झाल्यावर लगेच पुसली जाते. स्क्वॉश झालेल्या ब्रँचवरच पुढचं काम चालू ठेवणाऱ्यालाही हाच त्रास होतो.

प्रश्न : सगळ्या कोडला ऑटो-फॉर्मॅटर लावायचा आहे, पण अकरा ब्रँच उघड्या आहेत. सगळ्यांची वाट लागेल म्हणून वर्षभर पुढे ढकलतोय. — हिंजवडी

ढकलू नका. हा मर्ज भीतिदायक दिसतो, पण पद्धतशीर केला तर जवळजवळ यांत्रिक आहे. अट एकच : फॉर्मॅटिंगच्या कमिटमध्ये फॉर्मॅटिंगशिवाय दुसरं काही नको. 'जाता जाता' केलेलं एखादं नाव बदलणंसुद्धा नको.

आधी फॉर्मॅटरची सेटिंग फाइल, व्हर्जन नंबर पक्का करून, वेगळ्या कमिटमध्ये मेनवर टाका. मग पुढच्या कमिटमध्ये सगळ्या कोडवर फॉर्मॅटर फिरवा. या कमिटला 'एफ' म्हणू. आता प्रत्येक उघड्या ब्रँचवर हे करायचं :

गिट मर्ज एफ^

म्हणजे 'एफ'च्या आदल्या कमिटपर्यंतचं मेन. इथे जे कॉन्फ्लिक्ट येतील ते खरे, फॉर्मॅटिंगचे नाहीत. ते नेहमीसारखे सोडवा. मग ब्रँचवर तोच फॉर्मॅटर, त्याच व्हर्जनचा, फिरवून कमिट करा. त्यानंतर :

गिट मर्ज -एस अवर्स एफ

'एफ'ने मेनला जे केलं तेच तुम्ही ब्रँचला केलं आहे, म्हणून 'एफ'चा मजकूर टाकून दिला तरी काही गमवत नाही. शेवटी 'गिट मर्ज मेन'ने उरलेलं घ्या. व्हर्जन एका आकड्याने वेगळं असलं तरी नंतर शेकडो ओळींचा फरक येऊ शकतो. या कृतीत घोटाळा होतो तो बहुतेक इथेच.

'-एक्स इग्नोर-स्पेस-चेंज'ने भागेल असं कोणी सांगेल. ओळीच्या आतली मोकळी जागा बदलली असेल तर भागतं. फॉर्मॅटरने एका ओळीच्या चार केल्या असतील तर नाही. ओळींच्या शेवटचे सीआर-एलएफ एकसारखे केले असतील तर त्याला वेगळं औषध आहे, '-एक्स रीनॉर्मलाइज'.

राहिला ब्लेम, म्हणजे कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारी कमांड. सगळ्या ओळींवर फॉर्मॅट करणाऱ्याचं नाव लागू नये म्हणून 'एफ'चा पूर्ण क्रमांक '.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज' या फाइलीत लिहा आणि 'ब्लेम.इग्नोररेव्ह्जफाइल' या सेटिंगमध्ये तिचं नाव द्या. गिट २.२३ पासूनची सोय आहे.

प्रश्न : पॅकेज-लॉक आणि जँगोच्या मायग्रेशन फाइलींत नेहमी कॉन्फ्लिक्ट. हाताने सोडवायचे का? — छत्रपती संभाजीनगर

लॉक फाइल, म्हणजे पॅकेजांच्या नेमक्या व्हर्जनची यादी, हाताने कधीच नाही. ती मशीनने लिहायची वस्तू आहे. आधी 'पॅकेज.जेसन'मधलं भांडण माणसासारखं सोडवा, मग 'एनपीएम इन्स्टॉल --पॅकेज-लॉक-ओन्ली' चालवा. एनपीएम ५.७ पासून लॉकमधल्या कॉन्फ्लिक्टच्या खुणा स्वतः वाचून फाइल नीट करतं.

जँगोत दोन मायग्रेशनचा (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइलींचा) पालक एकच असला की दोन टोकं तयार होतात. गिटला ते दिसत नाही, कारण फाइली वेगवेगळ्या असतात. 'मायग्रेट' मात्र अडतं. 'मेकमायग्रेशन्स --मर्ज' दोन्ही टोकं जोडणारी मायग्रेशन लिहून देतं. दोघांनी वेगवेगळ्या तक्त्यांना हात लावला असेल तर ते पुरेसं आहे. एकाच फील्डला हात लावला असेल तर जोडून भागत नाही. जी मायग्रेशन अजून कुठल्याच सर्व्हरवर चाललेली नाही ती पुसून, मेनवरून नव्याने तयार करा.

चेंजलॉगसारख्या फाइलीला '.गिटॲट्रिब्यूट्स'मध्ये 'मर्ज=युनियन' लावता येतं; दोन्हीकडच्या ओळी घेतल्या जातात, क्रमाची हमी नाही. कोडच्या फाइलीला हे लावू नका. लांब यादी असेल तर एका ओळीत एकच नोंद, शेवटच्या नोंदीनंतरही स्वल्पविराम आणि नोंदी अकारविल्हे. सगळेच जण यादीच्या तळाशी भर घालतात म्हणून तिथे भांडण होतं. अकारविल्हे लावलं की भर वेगवेगळ्या जागी पडते.

प्रश्न : मर्ज साफ झाला, एकही कॉन्फ्लिक्ट नाही, दोन्ही पीआरच्या (पुल रिक्वेस्ट, म्हणजे मर्ज करा अशी विनंती) टेस्ट हिरव्या, तरी मेन तुटलं. हे कसं? — पणजी

गिट ओळी बघतं, अर्थ बघत नाही. एका ब्रँचने 'बिल_काढा' या फंक्शनचं नाव बदलून 'बिल_तयार_करा' केलं आणि त्या वेळी असलेल्या सगळ्या जागा दुरुस्त केल्या. दुसऱ्या ब्रँचने नव्या फाइलीत 'बिल_काढा' वापरलं. ओळी वेगळ्या, फाइली वेगळ्या, भांडणाला जागाच नाही. दोन्हींच्या टेस्ट आपापल्या जुन्या मेनवर हिरव्या होत्या. एकत्र झालेला कोड कोणी चालवलाच नव्हता.

त्यामुळे चालवायचा तो एकत्र झालेला कोड. 'मर्ज क्यू' ही सोय हेच करते : पीआर रांगेत लागतात, प्रत्येकाची टेस्ट त्याच्या पुढच्या सगळ्यांसह, ताज्या मेनवर होते, आणि हिरवी झाली तरच तो आत जातो. गिटहबवर आणि गिटलॅबवर ती मिळते, गिटलॅबवर 'मर्ज ट्रेन' या नावाने. टीम लहान असेल आणि क्यू नको असेल तर 'मर्जआधी ब्रँच ताजी हवी' हा ब्रँच प्रोटेक्शनचा नियमही चालतो. दिवसाला दहापेक्षा जास्त पीआर असतील तर मात्र सगळे एकमेकांची वाट बघत बसतात.

आणि नाव बदलायचंच असेल तर जुनं नाव नव्याला हाक मारणारी एक ओळ म्हणून दोन आठवडे जिवंत ठेवा. उघड्या ब्रँच आत आल्या की ती काढा.

प्रश्न : एक फीचर मर्ज केलं, प्रॉडक्शनला घोळ झाला म्हणून 'रिव्हर्ट -एम १' केलं. ब्रँचवर बग सुधारून पुन्हा मर्ज केलं तर फक्त सुधारणेच्या चार ओळी आल्या, बाकी फीचर नाहीच. — कोल्हापूर

पुन्हा तिसरी प्रत. पहिला मर्ज इतिहासात आहेच. रिव्हर्टने मजकूर मागे घेतला, इतिहास नाही. त्यामुळे दुसऱ्या मर्जच्या वेळी मूळ ठरलं ते तुमच्या ब्रँचचं तेव्हाचं टोक. तिथून बघितलं तर ब्रँचने फीचरच्या ओळींना हात लावला नाही, मेनने त्या काढल्या. एकाच बाजूने बदल, म्हणून गिटने तो मुकाट्याने घेतला.

रिव्हर्टचाच रिव्हर्ट करायचा. मेनवरून नवी ब्रँच काढा, 'गिट रिव्हर्ट' आणि पुढे त्या रिव्हर्ट कमिटचा क्रमांक. सगळं फीचर परत येईल. तुमच्या बाबतीत चार ओळींची सुधारणा मेनवर आधीच आलेली असल्याने तिच्या आसपास एखादा कॉन्फ्लिक्ट येईल, तो सोडवा आणि पीआर करा. या दुसऱ्या रिव्हर्टला '-एम' लागत नाही, कारण पहिली रिव्हर्ट ही साधी कमिट आहे.

प्रश्न : एका मुक्त सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर आम्ही चौघं करतो. 'एमआर.पीओ' फाइलीत दर वेळी कॉन्फ्लिक्ट. काही ठिकाणी तर दोन्ही बाजूंची ओळ हुबेहूब सारखी दिसते! — सांगली

हुबेहूब दिसते, पण सारखी नसते. 'दऱ्या' आणि 'दर्‍या' हे दोन शब्द इथे मुद्दाम दोन प्रकारे टाइप केले आहेत. पहिल्यात नुक्त्याचा ऱ, यू+०९३१, आणि हलन्त आहे. दुसऱ्यात साधा र, यू+०९३०, हलन्त आणि मागे न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारी अदृश्य खूण), यू+२००डी. दोन्हींचा छापील आकार एकच, बाइट वेगळे. कीबोर्ड बदलला की हे होतं, आणि मराठीत 'करणाऱ्या', 'येणाऱ्या', 'वाऱ्यावर' असे शब्द पावलोपावली. फाइल 'हेक्सडम्प -सी'मधून बघा : 'ई२ ८० ८डी' हे तीन बाइट दिसले की तो झेडडब्ल्यूजे.

चौघांनी एक रूप ठरवा. आमचं मत ऱच्या बाजूने, कारण त्यात अदृश्य काही नाही. मग 'र, हलन्त, झेडडब्ल्यूजे' या क्रमाच्या जागी 'ऱ, हलन्त' घालणारी स्क्रिप्ट प्री-कमिट हुकमध्ये, म्हणजे कमिटआधी आपोआप चालणाऱ्या जागी, लावा. सरसकट झेडडब्ल्यूजे काढू नका; दुसऱ्या अक्षरांचं अर्धं रूप दाखवायला कोणी तो मुद्दाम घातलेला असू शकतो. युनिकोडच्या एनएफसी रूपात आणून हे सुटेल असं वाटतं, पण एनएफसी फक्त 'र आणि वेगळा नुक्ता' यांचा ऱ करतं. झेडडब्ल्यूजेला हात लावत नाही.

बाकीचे कॉन्फ्लिक्ट बहुधा भाषांतराचे नसतातच. पीओ फाइलीत प्रत्येक वाक्यावर सोर्स फाइलीचं नाव आणि ओळ क्रमांक असतो. कोडमध्ये वर एक ओळ वाढली की खालचे सगळे क्रमांक बदलतात. 'एक्सगेटटेक्स्ट'ला '--ॲड-लोकेशन=फाइल' दिलं की फाइलीचं नाव राहतं, क्रमांक जातो. '--नो-रॅप'ही द्या, नाहीतर एक शब्द बदलला की लांब वाक्याच्या ओळी नव्याने तुटतात. मथळ्यातल्या तारखांचं भांडण आलं तर नंतरची तारीख ठेवा आणि पुढे चला.

खरं भांडण आलं की एडिटरमध्ये झुंजू नका. गिट तिन्ही प्रती हातात देतं : 'गिट शो :२:एमआर.पीओ' ही आपली, ':३:' समोरची, ':१:' मूळ. दुसरी आणि तिसरी वेगवेगळ्या फाइलींत उतरवा आणि 'एमएसजीकॅट'ला द्या. जिथे भाषांतरं वेगळी असतील तिथे दोन्ही ठेवून, मध्ये '#-#-#-#-#' अशी खूण घालून ते नोंद 'फझी' करतं, मग माणसाने निवडायचं. एमएसजीकॅट मूळ प्रत बघत नाही, म्हणून मुद्दाम काढलेल्या नोंदी परत येतात. त्या घालवायला ताज्या पीओटी फाइलीबरोबर (मूळ वाक्यांचा कोरा साचा) 'एमएसजीमर्ज' चालवा. शेवटी 'एमएसजीएफएमटी -सी'. एकच मूळ वाक्य दोनदा राहिलं असेल तर ते तिथेच ओरडतं.

प्रश्न : आमच्याकडे अजून सबव्हर्जन आहे आणि इतक्यात बदलणार नाही. वरचं काही लागू पडतं का? — नागपूर

ब्रँच लहान ठेवणं आणि फॉर्मॅटिंग वेगळं ठेवणं लागू पडतंच. कोणता मर्ज झाला याची नोंद सबव्हर्जन १.५ पासून, म्हणजे २००८ पासून, 'एसव्हीएन:मर्जइन्फो' या प्रॉपर्टीत ठेवतं. त्याआधी रिव्हिजनचे आकडे कमिट मेसेजमध्ये हाताने लिहावे लागत. म्हणून मर्ज नेहमी ब्रँचच्या मुळाशी उभं राहून करा. एखाद्या आतल्या फोल्डरवर केलात तर ही नोंद त्या फोल्डरवर चिकटते आणि पुढे कुठे काय आलं याचा ताळमेळ लागत नाही. मर्जआधी 'एसव्हीएन अपडेट', म्हणजे वर्किंग कॉपी एकाच रिव्हिजनवर येते. काय यायचं बाकी आहे ते 'एसव्हीएन मर्जइन्फो --शो-रेव्ह्ज एलिजिबल' सांगतं. क्लायंट १.८ च्या आधीचा असेल तर ब्रँच ट्रंकमध्ये (सबव्हर्जनची मुख्य फांदी) परत नेताना '--रीइंटिग्रेट' द्यावं लागतं, आणि त्यानंतर ती ब्रँच पुसून ट्रंकवरून नवी काढायची. तीच पुढे वापरली तर आधी गेलेले बदल पुन्हा आपल्यावरच आदळतात.